डोकी किती, वळू किती?

पशुवैद्यकाची पदवी हाती आल्यावर दवाखाना काढावा, सरकारी नोकरी धरावी किंवा दुग्धसंघात जावे, असे तीनच रस्ते आमच्या पिढीतल्या घरांना ठाऊक होते. मी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले. १९५५ साली सुरू झालेले हे महाविद्यालय इंदूरहून रोज जाऊन-येऊन शिकता येईल इतके जवळ आहे, त्यामुळे रामबागेतले घर न सोडता माझे शिक्षण झाले. पदव्युत्तर अभ्यासासाठी शल्यचिकित्सा किंवा औषधशास्त्र न घेता मी पशुआनुवंशिकी घेतली, तेव्हा आजोबांनी विचारले होते, "अगं, पण दारात आजारी गाय आणली तर तू काय करणार?" प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर मला पुढे कामातूनच मिळत गेले. एक गाय आजारी पडते तेव्हा ते गोठ्यातल्या लहान मुलालाही कळते. अख्खी जात क्षीण होते तेव्हा ते कुणालाच दिसत नाही, कारण तिची प्रत्येक गाय दावणीला धडधाकट उभी असते.

या न दिसणाऱ्या क्षीणतेचा अभ्यास हेच माझे काम. कर्नाल आणि हैदराबाद येथील प्रयोगशाळांत काही काळ शिकून-राबून मी इंदूरला परतले आणि तेव्हापासून संशोधन आणि अध्यापन असे दोन्ही करत आले. या कामात वाघ आहे तशीच माळवी गायही आहे, आणि इथेच लोकांचा गोंधळ होतो. वाघ वनखात्याचा, गाय पशुपालन खात्याची, अशी आपल्याकडे वाटणी आहे. वाघाच्या विष्ठेचा तुकडा अभ्यासासाठी उचलायचा तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या चौकटीत वनखात्याची लेखी परवानगी लागते. गायीचे रक्त घ्यायचे तर तिच्या मालकाचा विश्वास लागतो आणि तो मिळवायला कधीकधी परवानगीपेक्षा अधिक दिवस जातात. मात्र नमुना एकदा प्रयोगशाळेत आला की ही वाटणी संपते. पेशी फोडणे, प्रथिने वेगळी करणे, थंड अल्कोहोल घालताच नळीत पांढऱ्या धाग्यासारखा डीएनए वर येणे, हे गायीच्या रक्तात जसे घडते तसेच वाघाच्या रक्तात घडते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, समूह लहान होत गेला की त्याच्या वंशाचे जे होते, त्याचे गणित दोघांनाही सारखेच लागू पडते.

हे गणित मी दरवर्षी नव्या वर्गाला पहिल्याच आठवड्यात फळ्यावर करून दाखवते, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. समजा एका जातीच्या १,००० गायी आहेत आणि त्यांच्यासाठी १० वळू आहेत. कोणीही म्हणेल की समूह १,०१० जनावरांचा आहे. आनुवंशिकीच्या हिशेबात मात्र नर आणि मादी यांच्या संख्यांचा गुणाकार करायचा, त्याला ४ ने गुणायचे आणि दोन्ही संख्यांच्या बेरजेने भागायचे. उत्तर येते सुमारे ४०. म्हणजे वंशातील विविधता गमावण्याच्या बाबतीत हा हजाराचा कळप, २० नर आणि २० माद्या असलेल्या ४० जनावरांच्या कळपासारखाच वागतो. याला परिणामकारक संख्या म्हणतात. ती ४० असेल तर अंतःप्रजनन, म्हणजे नात्यातल्या जनावरांचे आपसातले प्रजनन, दर पिढीला सुमारे सव्वा टक्क्याने वाढत जाते, आणि पाळीव जातींसाठी ही संख्या ५० च्या खाली जाऊ नये असा संकेत जगभर पाळला जातो. विद्यार्थी पहिल्यांदा हे उत्तर पाहतात तेव्हा आपला गुणाकार चुकला असे समजून तो पुन्हा करतात. मग मी गायींची संख्या दुप्पट करून बघायला सांगते. गायी २,००० झाल्या तरी उत्तर जवळजवळ ४० च राहते. वळू १० चे २० केले की ते एकदम ८० च्या आसपास जाते. एखाद्या जातीविषयी तिची डोकी किती, हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. तिच्या पिलांना बाप किती, हा प्रश्न विचारायची सवय लावणे हे मी माझ्या अध्यापनाचे मुख्य काम मानते.

माळव्यात आणि निमाडात हा प्रश्न पुस्तकी नाही. माळवी ही आगर, शाजापूर, राजगढ, उज्जैन या भागातली पांढरी-करडी जात. तिच्या वळूंची मान आणि वशिंड वयाबरोबर गडद होत जाते. निमाडी ही खरगोन-बडवानीकडची तांबूस रंगाची आणि अंगावर पांढरे ठिपके असलेली जात. तिच्या रंगात आणि कपाळाच्या फुगवट्यात गीरचा वाटा आणि चपळाईत खिल्लारचा वाटा आहे असे पशुशास्त्राची पुस्तके सांगतात. म्हणजे पंढरपूर-सांगलीकडच्या ज्या खिल्लार बैलांचे आपल्याला एवढे कौतुक, त्यांचे नाते नर्मदेच्या खोऱ्यापर्यंत पोहोचते. दोन्ही जाती मुळात ओढकामाच्या. काळ्या, चिकट मातीत दिवसभर नांगर ओढणारा बैल हेच त्यांचे मोल होते, आणि ट्रॅक्टर आल्यावर ते मोल हातोहात गेले. दुधाचा विचार करणाऱ्याने होल्स्टीन किंवा जर्सी या विदेशी दुधाळ जातींचे रेतन करून घेतले. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील गोवंश सुमारे १९.२५ कोटी होता. त्यात विदेशी आणि संकरित जनावरे ५.०४ कोटी, तर देशी १४.२१ कोटी होती, आणि देशी जनावरांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा ६ टक्क्यांनी घटली होती. १४ कोटी हा आकडा ऐकून निश्चिंत होणारे पुष्कळ भेटतात. या १४ कोटींतील फार मोठा भाग कुठल्याही जातीत न मोडणाऱ्या गावठी जनावरांचा आहे, हे त्यांना सांगावे लागते.

नर कमी होण्यामागे आणखी एक जुने कारण आहे. ज्या जातीचा बैल कामाचा, त्या जातीचे उत्तम गोऱ्हे शेतकरी वेळेवर खच्ची करून जोडीला लावतो. वळू म्हणून उरतो तो बहुधा कुणी निवडून ठेवलेला नसतो. तो राहून गेलेला असतो. जोडीला शोभणार नाही असा खोंड गावभर फिरत राहतो आणि पुढची पिढी त्याची होते. पूर्वी काही घराण्यांत मृत व्यक्तीच्या नावाने चांगला गोऱ्हा सोडण्याची चाल होती. धर्माचा भाग सोडून देऊन नुसते प्रजननाच्या दृष्टीने पाहिले, तर ती चाल गावाला एक निवडलेला बाप देत असे. आता बहुतेक ठिकाणी सोडलेला वळू म्हणजे रस्त्यावरची अडचण झाली आहे.

खरगोन जिल्ह्यातल्या एका गावी नमुने घेताना हे सगळे मला एकाच गोठ्यात पाहायला मिळाले. जातीचा आनुवंशिक अभ्यास करताना एकमेकांच्या नात्यातली जनावरे टाळावी लागतात, म्हणून एका कळपातून फार तर एक-दोन जनावरांचे रक्त घ्यायचे, आणि त्याआधी मालकाला त्यांची नाती विचारायची, अशी आमची पद्धत आहे. तिथले दादा सत्तरीच्या पुढचे होते. मी त्यांच्या एका गायीवर हात ठेवला आणि त्यांनी तिची आई, आजी, पणजी नावानिशी सांगायला सुरुवात केली. कोणती सुनेच्या माहेरून आली, कोणती दुष्काळात विकावी लागली आणि तिची कालवड मागे ठेवली, कोणतीने आठ वेतांपर्यंत दूध दिले. शेजारच्या गायीची आजी आणि हिची पणजी एकच, हेही त्यांनीच सांगितले, आणि आम्ही ती दुसरी गाय यादीतून काढली. मग मी बापाचे विचारले. दादा म्हणाले, "गावचाच वळू, बाई, दुसरा कोण असणार?" आईच्या बाजूने चार पिढ्या मुखोद्गत असलेल्या त्या माणसाकडे बापाच्या बाजूचे एकही नाव नव्हते. पेशींमध्ये जो डीएनए फक्त आईकडून येतो, त्याला मायटोकाँड्रियाचा डीएनए म्हणतात. त्याच्याच आधारे १९९४ साली असे दिसून आले की वशिंडाची गाय आणि युरोपातली बिनवशिंडाची गाय या वेगवेगळ्या ठिकाणी माणसाळवल्या गेल्या, आणि आपल्या गायीचे मूळ सिंधूच्या परिसराकडे जाते. आईच्या धाग्याने दहा हजार वर्षांच्या आसपास मागे जाता येते, आणि बापाच्या धाग्याने गेल्या पाच वर्षांतलेही सांगता येत नाही, हे तिथे बसून मला फार तीव्रतेने जाणवले.

वाघाच्या बाबतीत हीच गोष्ट मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पाने सगळ्या देशाला दाखवली, असे मला वाटते. २००९ पर्यंत तिथले वाघ संपले होते. मग बांधवगड आणि कान्हा येथून प्रत्येकी एक वाघीण आणि पेंचहून एक नर आणला गेला. तो नर, टी-३, आपल्या मूळ जंगलाच्या दिशेने चालत निघाला आणि त्याचा दिवसेंदिवस माग काढून त्याला परत आणावे लागले. २०१० मध्ये पहिली पिल्ले झाली आणि त्यानंतर पन्नाची संख्या वाढत गेली. हे काम करणाऱ्या वनरक्षकांविषयी मला नितांत आदर आहे. तरीही सुरुवातीच्या सगळ्या पिल्लांचा बाप तोच एक होता. म्हणून नंतर कान्हा आणि पेंचहून आणखी वाघिणी आणल्या गेल्या, ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांनी डोक्यांच्या आकड्याइतकीच लक्षात ठेवावी असा माझा आग्रह असतो. बापांची संख्या वाढवायचा एक मार्ग नैसर्गिकही आहे: नर वाघ जन्मगावापासून दूर निघून जातो. त्यासाठी वाटेत जंगल हवे. देवास-सीहोरच्या सीमेवरील खिवनी अभयारण्य नकाशावर लहानसे दिसते, पण रातापानीच्या जंगलाच्या बाजूचा एखादा तरुण नर तिथून नर्मदेकाठच्या जंगलांकडे जाऊ शकतो, म्हणून ते मला मोठे वाटते.

जंगलात रक्त मागता येत नाही, म्हणून विष्ठा. ताज्या विष्ठेच्या बाहेरच्या चकचकीत थरावर आतड्याच्या पेशी चिकटलेल्या असतात. आतला भाग म्हणजे चितळाचे केस आणि हाडांचा चुरा, तो आमच्या कामाचा नाही. बाहेरचा थर निर्जंतुक बोळ्याने हलकेच पुसून घ्यायचा, बोळा द्रावणाच्या नळीत मोडून टाकायचा आणि नळीवर पेन्सिलीने लिहायचे. शाईने लिहिले आणि अल्कोहोलचा थेंब सांडला की नाव पुसले जाते. उन्हाळ्यात दुपारपर्यंत ऊन डीएनए तोडून टाकते, म्हणून हिवाळ्यातली पहाट उत्तम. अशा तुटक डीएनएमध्ये आई-बापाकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एक वाचली जाते आणि दुसरी निसटते, आणि मग तोच वाघ वेगळा वाटू लागतो. यासाठी एकेका नमुन्याची तपासणी अनेकदा करावी लागते. नव्या विद्यार्थ्याला वाटते, एकदा उत्तर आले, आता पुढे चला. याच टप्प्यावर मी सगळ्यात कडक असते.

या विषयातली सर्वांत अवघड चर्चा वर्गात होते ती नव्या रक्ताविषयी. अमेरिकेतल्या फ्लोरिडातले प्यूमा, म्हणजे मार्जारकुळातले एक मोठे रानटी जनावर, विसाव्या शतकाच्या अखेरीस २०-३० वर येऊन ठेपले होते. त्यांच्या शेपट्यांना गाठी पडत होत्या, नरांचे अंडकोष उतरत नव्हते, हृदयात दोष दिसत होते. १९९५ साली टेक्ससहून आठ माद्या तिथे सोडल्या गेल्या, त्यांतील पाच माद्यांना पिल्ले झाली आणि समूह सावरला. हे सांगितले की एखादा चुणचुणीत विद्यार्थी हमखास विचारतो, "मॅडम, मग माळवी गायीला होल्स्टीनचे रेतन केले तर ते वाईट कसे? तेही नवे रक्तच." प्रश्न नेमका आहे आणि त्याला टाळून पुढे जाऊ नये. फ्लोरिडात जे आणले ते शेजारच्या, पूर्वी ज्यांच्याशी देवाणघेवाण होत असे अशाच समूहातून, एकदाच आणि मोजके. आपल्याकडे संकर झाला तो पिढ्यान्‌पिढ्या त्याच दिशेने, दुसऱ्या हवामानातल्या आणि दुसऱ्याच कामासाठी घडवलेल्या जातीशी. पहिल्या पिढीत निम्मा वारसा उरतो, दुसऱ्या संकरानंतर चतुर्थांश, तिसऱ्यानंतर अष्टमांश. दूध वाढते हे खरे आहे, आणि दोन म्हशी-गायींवर घर चालवणाऱ्या माणसाला संकरित गाय घेऊ नको असे सांगण्याचा मला अधिकार नाही, असे मी वर्गात स्पष्ट म्हणते. माझा आग्रह एवढाच की ज्या तालुक्यांत माळवी आणि निमाडीची मूळ वस्ती आहे, तिथे तरी त्याच जातीच्या निवडलेल्या आणि एकमेकांशी नाते नसलेल्या वळूंची रेतने सहज मिळाली पाहिजेत, म्हणजे शेतकऱ्यासमोर खरीखुरी निवड राहील.

कृत्रिम रेतनाची दुसरी बाजूही मुलांना हाताने करून कळते. पाव मिलिलिटरची एक कांडी, उणे १९६ अंशांच्या द्रव नत्रात ठेवलेली, वळू मेल्यावरही वर्षानुवर्षे वासरे देऊ शकते. जात वाचवण्यासाठी याहून मोठे साधन नाही, आणि एकच बाप हजारो घरी पोहोचवण्याचेही याहून सोपे साधन नाही. होल्स्टीन जातीत वासरांची प्रतिकारशक्ती कोलमडवणारा ब्लॅड नावाचा आजार जगभर पसरला तो काही लोकप्रिय वळूंच्या वीर्यातून. आमच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी त्याची तपासणी करतात: जनुकाचा ठरावीक तुकडा वाढवायचा आणि तो टॅक-वन नावाच्या विकराने कापायचा, मग तुकडे जेलच्या थरावर आकाराप्रमाणे वेगळे करायचे. निर्दोष जनावराचे दोन पट्टे दिसतात, वाहकाचे, म्हणजे दोनपैकी एकच प्रत सदोष असलेल्याचे, तीन, बाधिताचा एक. वाहक वळू दिसायला देखणा आणि निरोगी असतो. जेलवरच्या त्या तिसऱ्या पट्ट्याशिवाय त्याच्यात काही वेगळे आहे हे कुणालाही सांगता येणार नाही.

देखणेपणाविषयी बोलायचे तर पांढऱ्या वाघाचे उदाहरण मी टाळत नाही. १९५१ साली रीवा संस्थानात मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला गेला. साध्या रंगाच्या वाघिणीपासून त्याला पांढरी पिल्ले होईनात, तेव्हा त्याच्या मुलीशीच त्याचा जोडा लावला गेला आणि १९५८ मध्ये पांढरी पिल्ले झाली. रंगामागचे कारण म्हणजे एका जनुकातला एकच बदल, हे २०१३ मध्ये सिद्ध झाले. त्या रंगासाठी बाप-लेकीचे, भावा-बहिणीचे जोडे लावत राहिल्याने मात्र सगळा वंश अरुंद झाला. इंदूरच्या प्राणिसंग्रहालयात मुले पांढऱ्या वाघासमोर गर्दी करतात. ते पाहून आनंद होतो आणि ती कथा कुणीतरी तिथेच सांगावी असेही वाटते.

असाच प्रसंग झाबुआच्या कडकनाथचा आहे. भिल्ल-भिलाला घरांनी सांभाळलेल्या या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि मागणी वाढली. तिची त्वचा, हाडे, आतडी सगळी काळी. हा काळेपणा विसाव्या गुणसूत्रावरच्या एका मोठ्या फेरफारामुळे येतो, आणि तोच फेरफार चीनच्या सिल्कीत आणि इंडोनेशियाच्या अयाम चेमानीतही आहे. हा गुण प्रभावी, म्हणजे एकाच पालकाकडून आला तरी दिसणारा, असल्याने संकरित पिल्लूही काळे निपजू शकते. म्हणून काळा रंग हा शुद्धतेचा पुरावा धरता येत नाही. त्यासाठी अनेक जागांवरचा डीएनए पाहावा लागतो. रानाशी असलेले कोंबडीचे नातेही इथेच दाखवता येते. पाळीव कोंबडी प्रामुख्याने लाल रानकोंबड्यापासून आली, पण कित्येक जातींची पिवळी त्वचा आपल्या दक्षिण आणि मध्य भारतातल्या राखी रानकोंबड्याकडून आली, हे २००८ मध्ये स्पष्ट झाले. वन्य आणि पाळीव यांचे खाते वेगळे का ठेवता येत नाही, हे सांगायला मला यापेक्षा चांगले उदाहरण सापडलेले नाही.

या क्षेत्रात येऊ इच्छिणारी मुले पत्रे लिहितात, घरी येऊन भेटतात. पशुवैद्यक झालेल्यांनी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या प्रवेश परीक्षेतून पशुआनुवंशिकी घ्यावी. कर्नालचा राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो देशी जातींसाठी, तर हैदराबादची लॅकोन्स प्रयोगशाळा, डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र वन्यजीवांसाठी, अशी ठिकाणे आहेत. संख्याशास्त्राची भीती असेल तर ती आधी घालवावी, कारण आता प्रयोगशाळेपेक्षा जास्त वेळ संगणकावर जातो. नोकऱ्या थोड्या आहेत, प्रकल्पांची मुदत संपते, आणि घरच्यांना हे काम समजावून सांगत राहावे लागते. हे मी कुणापासून लपवत नाही.

सध्या मी आणि माझे विद्यार्थी आगर-शाजापूर भागातल्या गावांत वळूंची नोंदवही करत आहोत. प्रत्येक गावातल्या माळवी वळूचे छायाचित्र, अंदाजे वय, तो कुठून आला आणि सध्या कुणाच्या गायींवर जातो, एवढी माहिती त्यात असते, आणि दोन वळू भाऊ तर नाहीत हे तपासून मगच गावांना त्यांची अदलाबदल सुचवता येते. पुढची फेरी दिवाळीनंतर आहे. ज्या पदवीच्या विद्यार्थ्यांना यायचे असेल त्यांनी माळवी बोली थोडी तरी कानावर घालून यावे आणि नोंदीच्या तक्त्यात बापाच्या रकान्यात नुसते 'गावचा वळू' असे लिहून आणू नये. त्या वळूच्या शेपटीचे दहा-बारा केस मुळांसकट उपटून कोरड्या कागदी लिफाफ्यात घालावेत आणि लिफाफ्यावर पेन्सिलीने गावाचे नाव लिहावे.